नवी पिल्लं जुन्या बदकांत कधी सोडायची?

मुळशी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे : "घरी चार माद्या आणि एक नर अशी खाकी कॅम्पबेल बदकं आहेत. बाजारातून बारा दिवसांची दहा पिल्लं आणली. संध्याकाळी खुराड्यात सोडली तर नराने एकाची मान धरली, माद्यांनी बाकीची कोपऱ्यात रेटली. पिल्लं परत द्यावीत का?"

ताई, परत देऊ नका. आधी जखमी पिल्लाकडे बघा. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, म्हणून त्याला जाळीच्या खोक्यात ठेवा; सोबत दुसरं एक पिल्लू हवंच. एकटं पिल्लू ओरडत राहतं आणि खाणं सोडतं.

तुमच्या बदकांचा स्वभाव वाईट नाही. पिल्लं तेवढी लहान आहेत. मोठ्या बदकाची सहज मारलेली चोचही त्यांना झेपत नाही, आणि नर अंगावर चढला तर पिल्लू दगावतं. त्यात बाजारातून रोग येण्याची भीती. म्हणून पहिले तीन आठवडे पिल्लं पूर्ण वेगळी, जुन्या बदकांपासून लांब ठेवा. दाणापाणी आधी जुन्यांना, मग पिल्लांना. भांडी आणि चपला वेगळ्या.

मुळशीच्या पावसात ऊब महत्त्वाची. या वयाला साधारण 29 अंश लागतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. उबेसाठी लावलेल्या बल्बखाली पिल्लं गोळा झाली तर थंडी वाजतेय. लांब जाऊन धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. खाली भाताचं तूस पसरा, ओलं झालं की बदला. पाणी चोच नाकपुडीपर्यंत बुडेल एवढंच द्या. आईविना वाढलेल्या पिल्लांच्या पिसांना अजून तेल नसतं, ती टाकीत भिजून गारठतात, बुडतातसुद्धा.

तीन आठवड्यांनी पिल्लं पाच आठवड्यांची होतील. तेव्हा मोठ्यांच्या खुराड्यालगत जाळी लावून त्यांना पलीकडे ठेवा. एकमेकांना बघू द्या, आवाज ऐकू द्या, जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दाणा टाका. ही पायरी लोक घाईत गाळतात आणि मग मारामारी होते. पिसं पूर्ण भरली, म्हणजे सात-आठ आठवडे झाले, की सोडा.

सोडायचं ते सकाळी, मोकळ्या अंगणात, सगळी पिल्लं एकदम. रात्री बंद खुराड्यात नको. दाणापाणी तीन ठिकाणी ठेवा. भिंतीला फळी तिरकी टेकवा, खाली पिल्लं शिरतील पण मोठं बदक शिरणार नाही एवढी फट राहू द्या. नराला पहिले चार-पाच दिवस जाळीआड ठेवा. थोडं टोचणं, पळवणं चालतं. मान धरून दाबलं किंवा रक्त आलं, तर लगेच वेगळं करा.

एकत्र आल्यावर सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, खाद्य द्या. अंड्यावरच्या बदकांच्या लेअर खाद्यात चुना जास्त असतो, तो वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. बुरशी आलेली शेंगपेंड किंवा बुरशी आलेला मक्याचा भरडा अजिबात नको, बदकं बुरशीच्या विषाला कोंबड्यांपेक्षा कितीतरी नाजूक असतात. पिल्लं लंगडायला लागली तर बहुधा नायसिन हे 'ब' गटातलं जीवनसत्त्व कमी पडतंय. कोंबडीच्या खाद्यात ते बदकांना पुरेल एवढं नसतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात औषधाचं प्रमाण विचारा, डक प्लेग या बदकांच्या जीवघेण्या रोगाची लस कधी टोचायची तेही ठरवून घ्या.

हवेली तालुक्यातल्या एका दादांनी विचारलं आहे की, मादीने स्वतः उबवलेली पिल्लं चालतील का. चालतील. ती 28 दिवस बसून पिल्लं काढते, राखतेही. पण तिथेही नर लांबच ठेवा.

आणखी एक बघा. दोनेक महिन्यांत आवाज फुटतो : मादी मोठ्याने 'क्वॅक' करते, नर घोगरा. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. दहा पिल्लांत जास्त नर निघाले तर ते आपसात भांडतील आणि माद्यांच्या पाठीची पिसं उपटतील, तेव्हा जादा नर वेळेत विकून टाका.