भारतानं संघराज्याची कल्पना अमेरिकेकडूनच उचलली ना? त्यामागचं तत्त्वज्ञान काय?

'अमेरिकेकडूनच' हा शब्द वाचला आणि जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहितोय.

मी आटपाडीचा. आमचा तालुका १९४८ पर्यंत औंध संस्थानात. कॉलेजात असताना सांगलीला वक्तृत्व स्पर्धा होती, विषय संघराज्य. मी औंधावर बोललो. १९३९ साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपणहून सत्ता सोडली. गांधीजींनी घटनेत लक्ष घातलं, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर त्यासाठी राबला. आधी गावची पंचायत, पंचायतींतून तालुका समिती, समित्यांतून वरचं विधिमंडळ. राज्य जेमतेम बहात्तर गावांचं, तेही सलग नाही, सातारा-विजापूरकडं विखुरलेलं. मी चांगलाच रंगात आलो होतो. तेवढ्यात परीक्षक म्हणाले, "औंध म्हणजे पुण्याजवळचं का?" सगळा हॉल हसला. बक्षिसाची ढाल गेली फिलाडेल्फिया आणि १७८७, म्हणजे अमेरिकेची घटना कुठं आणि कधी लिहिली, ते घोकून आलेल्या पोराला. तोच पुढं माझा साडू झाला. अजून दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ती ढाल निघतेच.

आता तुमचा प्रश्न. अमेरिकेत तेरा राज्यं आधी होती, त्यांनी मोजून-मापून काही अधिकार वर दिले आणि उरलेले स्वतःकडं ठेवले. आपल्याकडं उलटं. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या तीन याद्या (केंद्राचे विषय, राज्यांचे विषय, दोघांचे विषय) आल्या इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यातून. त्या कायद्यातलं संघराज्य कधी उभंच राहिलं नाही, कारण संस्थानिक त्यात आले नाहीत. याद्या तेवढ्या टिकल्या. कुठल्याच यादीत नसलेला विषय आपल्याकडं केंद्राचा, हे कॅनडाचं वळण. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत स्पष्टच सांगितलं होतं, की हा संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणाला फुटून जाता येणार नाही. तत्त्वज्ञान म्हणाल तर सगळं एवढ्यावर येतं: सत्तेचा झरा खाली आहे की वर? औंधानं 'खाली' म्हटलं. दिल्लीनं 'वर' म्हटलं आणि वाटप केलं. माझ्या मते आपलं संघराज्य वाढप्याच्या मर्जीवरची पंगत आहे.

हां, दोन गोष्टी कबूल करतो. औंध काटेकोर अर्थानं संघराज्य नव्हतं, एकाच छोट्या राज्यातलं विकेंद्रीकरण होतं, आणि डोक्यावर इंग्रज होतेच. दुसरं, गाव हा पाया मानायला आंबेडकरांचा विरोध होता तो उगाच नव्हता. पंचायतीत कोण बसणार आणि कोण बाहेर उभं राहणार, हे आमच्या आजोबांच्या वेळी जात ठरवायची. त्या भाषणात मी हे बोललो नव्हतो. परीक्षकांनी हे विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यांनी पुणं विचारलं.

परीक्षेसाठी हवं असेल तर याद्या आणि अनुच्छेद २४८ (उरलेले विषय केंद्राचे, ते सांगणारा) पाठ करा, मार्क मिळतील. साडू हे वाचणारच. त्यांनी अनुच्छेद ३ वाचून यावं. राज्याची हद्द बदलताना संसद त्या राज्याला फक्त विचारते, त्याचं ऐकायलाच हवं असं नाही. यातलं फिलाडेल्फिया कुठलं, ते दिवाळीत सांगा म्हणावं.