फेस खाली बसेपर्यंत

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेली वही रात्रीच वाचून संपवली. नोव्हेंबरचे ३० दिवस रोज एक पान लिहायचे, हा तुझा निश्चय तू पार पाडलास. त्याबद्दल वेगळे काही सांगत बसत नाही. मात्र दाराशी चपला घालता घालता तू जे विचारलेस, ते मनातून जाईना : "सगळे फुटकळच लिहून झाले, काका. आता एखादा मोठा विषय घेऊ, की थांबू?"

तुझे १९ तारखेचे पान उघड. कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर तुझ्यासमोर म्हशीची धार काढून पेला भरला गेला आणि तू लिहिलेस, "फेस खाली बसेपर्यंत त्याने पैसे मागितले नाहीत, मग पेला पुन्हा काठोकाठ भरला." गवळी, गिऱ्हाईक आणि दोघांमधला विश्वास, सारे त्या वाक्यात आले आहे. आणि त्याच्याच खाली, आजच्या धावपळीत माणुसकी कशी हरवली आहे, यावर सात ओळी! त्या तुझ्या नाहीत, कुठल्याही भाषणातून उचलता येतील अशा आहेत. आधी दिसलेले लिही. मत नंतर, आणि तेही उरलेच तर.

किरणोत्सवाचेही तेच. ९, १० आणि ११ नोव्हेंबर असे तिन्ही दिवस तू अंबाबाईच्या देवळात ताटकळत उभी होतीस. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी चरणांवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडावेत, अशी अपेक्षा असते. पण ढग किंवा धूळ आड आली की ते वाटेतच विरतात. तुझ्या पानांत श्रद्धेची चर्चा भरपूर आहे, पण त्या त्या दिवशी किरण गरुड मंडपात थांबले की पितळी उंबऱ्यापर्यंत पोहोचले, एवढे सोडून बाकी सगळे आहे. तू तिथे होतीस ना? मग ते कोण लिहिणार?

माझा सूर चढला आहे, याची मला जाणीव आहे. त्याचे कारण सांगतो. आमचे गुऱ्हाळ होते. चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, उसाची चिपाडे ढकलली जात, काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, रसात भेंडीचे पाणी पडले की मळी वर येई आणि ती झाऱ्याने काढली जाई. पाक झाला की नाही, हे इतर लोक थंड पाण्यात थेंब टाकून, त्याची गोळी होते का ते पाहून ठरवत. वडील त्याआधीच "उतरवा" म्हणत, कारण उकळीचा आवाज बदललेला त्यांना ऐकू येई. तो आवाज कसा बदलतो, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितले होते. मी लिहून ठेवले नाही. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मी गूळ व्यवसायाच्या भवितव्यावर लांबलचक लेख लिहिला. वडील तेव्हा हयात होते, शेजारच्या खोलीत बसलेले असत. दोन वर्षांनी ते गेले, गुऱ्हाळ बंद पडले. त्या लेखातले एक वाक्यही आज माझ्या कामाचे नाही, आणि तो आवाज मला आठवत नाही.

मी आळशी नव्हतो. नोकरी होती, मुलांची शिक्षणे होती आणि उमेदीच्या वयात एका संपादकांनी माझी रोजची टिपणे "घरगुती" म्हणून परत केली होती. त्यांचे मत मी वीस वर्षे खरे मानले. आता मानत नाही, आणि कोणी कितीही समजावले तरी मानणार नाही. म्हणूनच तुझ्या तोंडचा 'फुटकळ' हा शब्द मला सहन झाला नाही. त्या सात ओळी फुटकळ आहेत, पेला नव्हे.

तेव्हा मोठा विषय शोधू नकोस आणि थांबूही नकोस. रोजचे पान झेपत नसेल तर आठवड्यातून दोन लिही, पण वर तारीख घाल आणि आधी दिसलेले लिही.

गुळाचा हंगाम सुरू आहे. करवीर तालुक्यात अजून काही गुऱ्हाळे चालू आहेत. एखाद्या पहाटे जा, काहिलीपाशी उभी राहा आणि गूळ करणाऱ्या म्हाताऱ्या गुळव्याला विचार, की पाक होत आला म्हणजे उकळीचा आवाज कसा होतो. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घे आणि ते पान मला आणून दे.

तुझा,
काका