पोलरायझर म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी. असे आडवा आणि उभा पोलरायझर एकावर एक ठेवले की प्रकाश अडतो, पण मध्ये तिसरा तिरका सरकवला की पुन्हा दिसतो. असं का?

कारण पोलरायझर ही नुसती चाळणी नाही. त्यातून पार होणारा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बदलून बाहेर पडतो.

साध्या प्रकाशाचा पहिल्या उभ्या पट्टीतून निम्मा भाग जातो आणि तो पूर्ण उभा ध्रुवित, म्हणजे फक्त उभ्या दिशेत कंप पावणारा असतो. पुढे आडवी पट्टी असेल तर शून्य. मध्ये ४५ अंशांची पट्टी आली की प्रत्येक फोटॉनची पार होण्याची शक्यता कोसाइन वर्ग ४५, म्हणजे निम्मी. जो पार झाला तो आता ४५ अंशांचा, आधीच्या उभेपणाची खूण त्याच्यात उरत नाही. म्हणून आडव्या पट्टीतूनही निम्मे जातात. एकूण १/८, म्हणजे १२.५ टक्के. प्रत्यक्षात पट्ट्या थोडा प्रकाश शोषतात, त्यामुळे याहून कमीच.

करून बघताना तिसरी पट्टी दोघींच्या मधेच हवी. पुढे किंवा मागे ठेवली तर अंधारच राहतो. थिएटरचे थ्रीडी चष्मे शक्यतो टाळा. त्यातले बरेचसे वर्तुळाकार ध्रुवणाचे असतात आणि उलटसुलट धरल्यास निकाल बदलतो.

आता खरं सांगायचं तर एवढं गणित तरंग मानूनही सुटतं, वरचा कोसाइन वर्गाचा नियम, म्हणजे मालुसचा नियम, १८०९ चा आहे. क्वांटमची गरज फोटॉन एकेक सोडल्यावर पडते: अर्धा फोटॉन कधीच मिळत नाही, पूर्ण मिळतो किंवा मिळत नाही. आणि हे ‘मापन’, म्हणजे फोटॉन पार होतो की अडतो हे ठरणं, व्हायला बघणारा माणूस लागत नाही.