जुन्या ऑस्ट्रेलियन गावपेपरांतलं स्लँग खरंच लोक बोलायचे का, आणि शब्द कुठून आला ते त्यावरून कळतं का?

बोलायचे. पण पेपर तुम्हाला शब्द कधीपासून छापलाय ते सांगतो, तो कुठून आला ते सांगेलच असं नाही. ह्या दोन गोष्टींची गल्लत सगळे करतात, आणि त्यातल्या एकाशी माझं जुनं वाजलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी नऊ वर्षं शेपर्टनला काढली, मेलबर्नच्या उत्तरेला दोन-सव्वादोन तासांवर. तिथे जॉन फर्फीचा ओतकामाचा कारखाना होता. 1880च्या दशकात त्याने घोड्याने ओढायची पाण्याची गाडी काढली, साधारण 180 गॅलनची आडवी टाकी, दोन्ही टोकांना ओतीव लोखंडाची झाकणं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत नाव. शेतावर सगळीकडे हीच गाडी. पहिल्या महायुद्धात मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोजच्या लष्करी छावणीतही ह्याच गाड्या होत्या. पाणी घ्यायला सैनिक जमायचे, गाडीवाला छावणीभर फिरून आलेला, तो काहीबाही सांगायचा, निम्मं खोटं. म्हणून 'फर्फी' म्हणजे अफवा. पाणवठ्यावर बातम्या पिकतात हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तर दिवाळीच्या फराळाला साडूंच्या घरी मेलबर्नला दहा-बारा माणसं होती आणि मी हे हौसेने सांगत होतो. साडू वयाने मोठे, माझ्या आधी पंधरा वर्षं इथे आलेले. ते म्हणाले, चूक, शब्द जॉनवरून नाही, त्याचा भाऊ जोसेफवरून आला. जोसेफ फर्फी लेखक होता हे खरं, तो 'टॉम कॉलिन्स' नावाने लिहायचा, आणि त्या काळी बुशमध्ये, म्हणजे शहरांपासून लांबच्या रानामाळात, टॉम कॉलिन्स हे नावच थापा पसरवणाऱ्या, कुणी कधी न पाहिलेल्या माणसाचं होतं. म्हणजे अफवा आणि फर्फी ही जोडी तिथेच जुळली, असं त्यांचं म्हणणं. इथपर्यंत ठीक होतं. पुढे म्हणाले, "तू मराठी मीडियमचा, ह्यांच्या स्लँगमध्ये तू पडूच नकोस." बायको हातातल्या चकलीकडे बघत बसली. मोठे आहेत म्हणून मी गप्प राहिलो, पण परतताना गाडीत वाटेतल्या सेमूर गावापर्यंत एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की मी ट्रोव्ह उघडून बसायचो. ट्रोव्ह म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा फुकट खजिना, बीचवर्थच्या ओव्हन्स अँड मरे ॲडव्हर्टायझरपासून ब्रोकन हिलच्या बॅरियर मायनरपर्यंत शेकडो पेपर स्कॅन केलेले आहेत. अक्षरं मशीनने वाचलेली असतात, शाई फुटली असेल तिथे फर्फीचं 'पर्फी' होतं, मग दोन्ही शोधायचं, आणि सापडलेली ओळ हाताने दुरुस्त करून ठेवायची म्हणजे पुढच्याला मिळते. मला 1914पर्यंत काय मिळालं? गाडीच्या जाहिराती, कृषी प्रदर्शनातली बक्षिसं, माणसांची नावं. अफवा ह्या अर्थाने एकदाही नाही. हा अर्थ दिसायला लागतो 1915पासून, आणि तो येतो सैनिकांबरोबर. पोरगा इजिप्तहून घरी लिहायचा, घरचे ते पत्र गावच्या संपादकाकडे द्यायचे आणि तो छापायचा. सुरुवातीला शब्द अवतरणचिन्हांत असतो, नंतर ती चिन्हं गळून पडतात. ही चिन्हं गळणं मला तारखेइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे शब्द गावाने आपला म्हटलेला असतो. आणि जोसेफ फर्फी वारला 1912मध्ये.

मी साडूंना सगळ्या लिंका पाठवल्या. उत्तर आलं नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. कोर्टाच्या बातम्या आधी वाचा, साक्षीदाराचं बोलणं तिथे बऱ्यापैकी जसंच्या तसं येतं, शिवीच्या जागी फक्त रेघ. शब्द कुठून आला ह्याच्या गोड गोष्टींवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. 'डिंकम', म्हणजे अस्सल, हा शब्द चिनी खाणकामगारांच्या 'खरं सोनं'वरून आला असं कुणीही छातीठोक सांगेल, पण तो शब्द इंग्लंडमधल्या बोलीत आधीपासून होता आणि तिथे त्याचा अर्थ होता काम. उनाड पोराला 'लॅरिकिन' म्हणतात ते मेलबर्नच्या एका आयरिश पोलिसाच्या उच्चारावरून, ही गोष्टही तसलीच, ऐकायला छान आणि आधार काही नाही.

आणि मराठी मीडियमवाल्याने स्लँगमध्ये का पडू नये? 1820च्या दशकात न्यू साउथ वेल्समधल्या गरीब शेतकऱ्यांना 'डंगरी सेटलर' म्हणायचे, कारण बायकापोरांसकट सगळे भारतातून आलेलं 'डंगरी' नावाचं स्वस्त निळं सुती कापड घालायचे. हे डंगरी आपल्या मुंबईच्या डोंगरीशी जोडलं जातं. ते वाचलं त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं होतं.

एक सांगायचं राहिलं, छापलं जाण्याच्या कितीतरी आधी शब्द तोंडी फिरत असतो, त्यामुळे 1915 ही काही जन्मतारीख नव्हे. साडू ह्याच फटीत शिरतील मला माहीत आहे. पण शेपर्टनच्या आसपासच्या पेपरांत तीस वर्षं फर्फी हे नाव आठवड्यागणिक छापलं जात होतं, जोसेफ स्वतः त्याच गावात भावाच्या कारखान्यात कामाला होता, तिथे हा अर्थ चालू असता तर एखाद्या वात्रट वाचकाच्या पत्रात तरी आलाच असता ना? आणि ट्रोव्हवर बहुतेक पेपर 1954पर्यंतचेच आहेत, कॉपीराइटमुळे, त्यामुळे त्यानंतरचा शब्द तिथे नाही सापडला तर तो नव्हताच असं धरू नका.