डॉप्लरच्या रिपोर्टातली शीर: 'विकृती' की 'रचनाभेद'?

इंदूरहून एका वाचकाने विचारलं आहे: "आईच्या डायलिसिसची तयारी म्हणून हाताच्या शिरांची डॉप्लर तपासणी झाली. रिपोर्टात 'सेफॅलिक व्हेन'मध्ये 'अ‍ॅनाटॉमिकल व्हेरिएशन' असल्याचं लिहिलं आहे. मी आईला 'शिरेत विकृती आहे' असं सांगितलं आणि ती घाबरली. तपासणारा हिंदीत 'नस ज़रा अलग है' एवढंच म्हणाला होता. मराठीत नेमकं काय म्हणावं? आणि नस म्हणावं की शीर?"

'विकृती' इथे नकोच. वैद्यकाच्या मराठीत हा शब्द बिघाडासाठी राखलेला आहे. पॅथॉलॉजीला आपण विकृतिविज्ञान म्हणतो ते त्यामुळेच. रिपोर्टातल्या शब्दांचा अर्थ एवढाच की शीर निरोगी आहे, पण पाठ्यपुस्तकातल्या चित्राप्रमाणे जात नाही. त्यासाठी 'रचनाभेद' हा नेटका शब्द आहे. 'वैचित्र्य' मी टाळतो, त्यात नाहक 'विचित्र' ऐकू येतं. आईंना सांगायचं तर 'तुझी शीर थोड्या वेगळ्या वाटेने जाते' हे वाक्य पुरेसं आहे, आणि शास्त्रालाही धरून आहे.

हाताच्या वरवरच्या शिरांत असे भेद इतके सर्रास आढळतात की एकाच माणसाचे दोन हातसुद्धा सारखे नसतात. गर्भात आधी बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. त्यातल्या ज्या वाटेने रक्त जास्त वाहतं ती टिकते आणि बाकीच्या विरतात. कुठली टिकेल हे प्रत्येक हातात थोडं वेगळं ठरतं. ढोबळ नकाशा असा: हाताच्या पाठीवरच्या जाळ्यातून अंगठ्याच्या बाजूने एक शीर वर निघते, ती सेफॅलिक. ती दंडाच्या बाहेरच्या कडेने खांद्याजवळच्या खोबणीत शिरते आणि काखेतल्या मोठ्या शिरेला मिळते. करंगळीच्या बाजूची ती बॅसिलिक. ती दंडाच्या साधारण मध्यावरच खोल उतरते. कोपराच्या आतल्या खळगीत या दोघींना जोडणारी तिरपी शीर असते. सुई सहसा हिलाच टोचतात.

बहुतेक भेद या खळगीतच दिसतात. कुणाच्या हातावर जोडशिरेमुळे इंग्रजी एचसारखी आकृती दिसते. कुणात हाताच्या मधोमध वर येणारी शीर दुभंगते, एक फाटा अंगठ्याकडच्या शिरेला जातो, दुसरा करंगळीकडच्या, आणि एमसारखा आकार होतो. कुणात जोडशीर नसतेच. कधी सेफॅलिक जोडीने असते, कधी दंडात अगदी बारीक असते, तर क्वचित काखेत न शिरता गळपट्टीच्या हाडावरून मानेतल्या शिरेला जाऊन मिळते.

डायलिसिसच्या आधी याची नोंद करतात, कारण फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी केलेली जोडवाट) शक्यतो मनगटापाशी, धमनी आणि सेफॅलिक जोडून करतात. त्यासाठी शीर साधारण २ ते २.५ मिलिमीटर रुंद, सलग आणि वरपर्यंत मोकळी लागते. वाट वेगळी असली तर सर्जन जागा बदलतो. तोवर त्या हाताच्या शिरा जपायच्या: तपासणीसाठी रक्त द्यायचं झालं तर पंजाच्या पाठीवरून द्यावं, पुढच्या हातातून (मनगट ते कोपर) नको.

आता नस की शीर. रक्ताच्या वाहिनीला मराठीत 'शीर', संस्कृत 'सिरा/शिरा'वरून आलेली. 'नस' मराठीत परकी मुळीच नाही. दुखरी नस, नस ओळखणे हे आपलेच प्रयोग आहेत. पण तिचं नातं संस्कृत 'स्नसा'शी सांगतात, आणि स्नसा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. म्हणजे मुळात तिचा रक्ताशी संबंध नव्हता. बोलण्यात ती दोर, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू या तिघांच्या जागी उभी राहते. इंदूरच्या हिंदीत तर 'नस दब गई' म्हणजे मज्जातंतू, 'नस नहीं मिल रही' म्हणजे शीर आणि 'नस पर नस चढ़ गई' म्हणजे पायात आलेला गोळा. मराठी 'शिरेवर शीर चढली'सुद्धा गोळ्यालाच म्हणतात, तेव्हा आपलीही शीर अगदी सोवळी नाही!

सुईच्या बाबतीत मात्र हा घोळ महागात पडतो, कारण कोपराच्या खळगीत या तिन्ही गोष्टी बोटाच्या रुंदीत एकत्र असतात. करंगळीकडच्या शिरेलगत त्वचेचा मज्जातंतू उतरतो. शिवाय तिच्याखाली, पातळ पडद्यापलीकडे, दंडाची मुख्य धमनी आणि मोठा मज्जातंतू असतो. म्हणून रक्त घेताना पसंती आधी जोडशिरेला, मग अंगठ्याकडच्या शिरेला आणि अगदी शेवटी करंगळीकडच्या. ही शेवटची सैल बसलेली असते, सुईपुढे सरकते. खालची त्वचा अंगठ्याने ताणून धरली की थांबते. पट्टा खळगीच्या चार-पाच बोटं वर बांधतात आणि एका मिनिटाहून जास्त ठेवत नाहीत, नाहीतर रक्त दाटून आकडे बदलतात. मूठ आवळून धरणं ठीक, पण सारखी उघडझाप केली तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. टोचण्याआधी बोटाने चाचपून बघायचं: ठोका लागला तर ती शीर नव्हे, धमनी. काही थोड्या लोकांत पुढच्या हातातली एक धमनी खोल न राहता त्वचेलगत येते; तीही रचनाभेदच, पण इंजेक्शन द्यायला सर्वांत धोक्याचा.

म्हणून सुईनंतर तक्रार सांगताना 'नस दुखावली' यावर थांबू नका. टोचताक्षणी बोटांपर्यंत विजेसारखी झिणझिणी गेली असेल तर 'मज्जातंतूला लागलं' म्हणा. अशा वेळी सुई ताबडतोब काढावी लागते. जागा निळी पडून सुजली असेल तर 'शीर फुटली'. लाल, गरम, दोरीसारखी ताठ झाली असेल तर 'शीर सुजली'. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. 'स्नायू'बद्दलही इंदुरात जपून राहावं: मराठीत तो मांसाचा, हिंदीत मात्र बहुधा मज्जातंतूचा किंवा अस्थिबंधाचा. मराठी स्नायूला हिंदीत 'मांसपेशी' म्हणतात.

पुस्तकी मराठीत शिरेला 'नीला' आणि धमनीला 'रोहिणी' असे शब्दही भेटतील. सुश्रुतसंहितेत हे सिरांच्याच चार प्रकारांपैकी दोघांचे रंगावरून आलेले शब्द आहेत: वाताच्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. तिथे सिरा एकूण ७०० मोजल्या आहेत, प्रत्येक हातापायात १००, आणि त्यातल्या चार-चार टोचू नयेत असं बजावलं आहे. आधुनिक परिभाषा करणाऱ्यांनी नीला आणि रोहिणी उचलून नव्या कामाला लावल्या. शब्द देखणे आहेत, पण दवाखान्यात 'नीला' म्हटलं तर लोक नर्सबाईंचं नाव समजतील. सेफॅलिकला 'शीर्षशिरा' करण्याच्या भानगडीतही पडू नये. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'डोक्याची' असला तरी ती डोक्याकडे जात नाही. डोक्याच्या दुखण्यांवर रक्त काढायला पूर्वी युरोपात ती उघडत, एवढाच तिचा डोक्याशी संबंध. 'अंगठ्याकडची शीर' आणि 'करंगळीकडची शीर' हेच बरं. मध्य प्रदेशात २०२२ साली आलेल्या एमबीबीएसच्या हिंदी पुस्तकांनीही इंग्रजी संज्ञा बऱ्याचशा तशाच देवनागरीत ठेवल्या आहेत.

लिहिताना एक अडचण खास आपल्याकडची. हिंदीत 'शिरा' एकवचनी, त्यामुळे इथली मुलं मराठीतही 'एक शिरा' लिहितात. तत्सम म्हणून ते चुकीचं नाही, पण चालू मराठीत एक शीर, अनेक शिरा. शिरेत, शिरेतून, शिरांमध्ये. खायचा तो शिरा पुल्लिंगी, त्याचं 'शिऱ्यात' होतं. जिलबीवाल्याचा हिंदी 'शीरा' म्हणजे पाक, तो तिसराच. डोकं या अर्थी 'शिर' ऱ्हस्व लिहावं. म्हणजे आईंच्या कागदावर टीप लिहायची तर: 'उजव्या हातातल्या अंगठ्याकडच्या शिरेत रचनाभेद, या हातातून रक्त घ्यायचं तर पंजाच्या पाठीवरूनच घ्यावं.' हात डावा असेल तर तसं लिहा, आणि टीप हिंदीतही द्या. तिथे 'नस' चालेल, सुई हातात धरणाऱ्याला तीच कळते.