मेक्सिकोच्या डोंगरी गावात नळ, दिवा आणि फोन कोण चालवते?

प्रश्न : माझी मुलगी भाषाशास्त्राच्या संशोधनासाठी मेक्सिकोतील वाहाका राज्यात, सिएरा नोर्ते डोंगररांगेत झापोतेक या मूळनिवासी समाजाच्या एका खेड्यात वर्षभर राहणार आहे. तिथे वीज आणि गॅस मिळेल का? सोबत मिक्सर आणि कुकर द्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कुकर जरूर द्या, मिक्सर मात्र देऊ नका. मेक्सिकोत घरगुती वीज १२७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. त्यामुळे इथला मिक्सर तिथे नीट फिरणार नाही. मोबाइल व लॅपटॉपच्या ज्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते ते चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागेल. वीज १९३७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी वीज मंडळाकडून येते आणि घरगुती बिल साधारणपणे दोन महिन्यांनी येते. पावसाळ्यात डोंगरात तारांवर झाडे पडतात, तेव्हा एक चांगली बॅटरी जवळ असू द्यावी.

गॅसची टाकी ट्रकमधून येते, पण चूल कोणी मोडलेली नाही. तोर्तिया, म्हणजे तिथली मक्याची भाकरी, चुलीवरच्या मातीच्या तव्यावर भाजण्याची पद्धत टिकून आहे. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका बादलीत घेऊन बायका सकाळी लवकर गिरणीत जातात आणि तिथे तो ओलाच दळून मिळतो. गावाचा दिवस या गिरणीपासून सुरू होतो, तेव्हा ओळखी करून घ्यायला मुलीला याहून चांगली जागा मिळणार नाही.

प्रश्न : तिकडची गावे आपली पाणीयोजना स्वतःच चालवतात असे ऐकले. मग पाणी सोडणाऱ्याचा पगार आणि दुरुस्तीचा खर्च कोण देते?
– ग्रामपंचायत सदस्य, जुन्नर तालुका

उत्तर : पाणीपुरवठा ही मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या ११५ व्या कलमाप्रमाणे नगरपालिकेची (तिथे नगरपालिकेत खेडीही येतात) जबाबदारी आहे, आणि २०१२ पासून पाणी हा घटनात्मक हक्कही आहे. वाहाकात मात्र ५७० नगरपालिका असून त्यांतल्या ४०० हून अधिक ठिकाणी पक्षांच्या निवडणुका न होता परंपरेप्रमाणे ग्रामसभाच कारभारी नेमते. या पद्धतीला राज्याच्या कायद्याने १९९५ मध्ये मान्यता दिली. पाणी समितीचे सदस्यही सभा निवडते आणि बऱ्याच गावांत त्यांना पगार नसतो. ज्याची पाळी येते त्याने आपली शेती सांभाळून साधारण वर्षभर झऱ्यावरची टाकी धुवायची, क्लोरीन टाकायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे आणि घरोघरची वर्गणी गोळा करायची. झरा गावाच्या वर असेल तर पाणी उताराने येते आणि पंपाचे वीजबिल लागत नाही, म्हणून थोड्या वर्गणीतही भागते.

पाइप फुटला किंवा नवा टाकायचा असला की गावाच्या ध्वनिक्षेपकावरून ‘तेकियो’ पुकारला जातो. तेकियो म्हणजे प्रत्येक घराने गावासाठी विनामोबदला करायचे काम. तो ऐच्छिक नसतो. न येणाऱ्याला दंड होतो, आणि कामासाठी अमेरिकेत गेलेले लोक पुष्कळदा आपल्या जागी दुसऱ्याला पैसे देऊन पाठवतात. नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत झरा आटतो, तेव्हा वस्तीवार पाळीने पाणी सुटते आणि लोक छतावरच्या टाक्या भरून ठेवतात. पिण्यासाठी वीस लिटरचे जार विकत घेण्याची सवय आता खेड्यांतही पोचली आहे.

मला ही व्यवस्था मनापासून आदरणीय वाटते, कारण टाकी धुणारा आणि पाणी पिणारा यांच्यात तिथे अंतर राहत नाही; बिघाड झाला तर जाब कोणाला विचारायचा हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही तिचा भार सारखा पडत नाही, हे सांगितलेच पाहिजे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला वर्षभराची बिनपगारी सेवा फार जड जाते, आणि पाण्याची चिंता सर्वाधिक वाहणाऱ्या स्त्रियांना कित्येक गावांच्या सभांत बोलण्याचा व पद घेण्याचा हक्क उशिराच मिळाला.

प्रश्न : अशा दुर्गम गावांत मोबाइलला रेंज असते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळीकडे नसते. पूर्वी गावात एखाद्या दुकानात एकच फोन असे. कोणाचा फोन आला की ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जाई आणि तो धावत येई. लहान गावात मनोरा उभारणे मोठ्या कंपन्यांना परवडत नव्हते, म्हणून २०१३ मध्ये सिएरा नोर्तेतील व्हिया तालेआ दे कास्त्रो या गावाने ‘रायझोमॅटिका’ संस्थेच्या मदतीने स्वतःचे मोबाइल जाळे सुरू केले. पुढे अशी जाळी चालवणाऱ्या गावांची एक संस्था झाली आणि २०१६ मध्ये तिला दूरसंचार नियामकाकडून रीतसर परवाना मिळाला. इंटरनेटसाठी अनेक गावांतल्या दुकानांत तासांच्या हिशोबाने चिठ्ठी विकत मिळते. तिच्यावरचा संकेतांक टाकला की वायफाय चालू होते.

सांगलीच्या वाचकांनाही हे उपयोगी पडेल : वाहाका आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे आणि २०२२ पासून तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणे बंद झाले आहे. मुलीने तिथल्या संध्याकाळी सात वाजता फोन केला, तर तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतील.