तिला तुमचा कंटाळा येऊ द्या

प्रश्न : काकू, आम्ही नेवाडात राहतो, पाच एकर जागा आहे. तीन आठवड्यांपूर्वी सरकारी केंद्रातून चार वर्षांची मस्टँग, म्हणजे अमेरिकेतल्या माळावर मोकाट वाढलेली घोडी दत्तक आणली. १२५ डॉलर फी, सहा फूट कुंपण, निवारा, सगळं नियमाप्रमाणे केलं. कागदावर लिहिलंय की तिला हेलिकॉप्टरने हाकून पकडली होती. मी रोज सकाळी गाजर घेऊन, हात पुढे करून अर्धा तास उभी राहते. एक पाऊल टाकलं की ती पलीकडच्या कोपऱ्यात पळते. नवरा म्हणतो, दोरी टाकून एकदाची बांधू, सवय होईल. खूरही वाढायला लागलेत. मोठ्या कुरणात सोडली तर माणसाळेल का?
– एक वाचक

उत्तर : गाजर घरी न्या, हलवा करा. नेवाडाच्या माळावर वाढलेल्या घोडीने गाजर पाहिलंय कुठे? तिला ते खायचं असतं हेच माहीत नाही. तिला दिसतो तो फक्त तुमचा हात, तोही तिच्याकडे रोखलेला.

तिच्या मानेवर डाव्या बाजूला आयाळीखाली पांढऱ्या केसांच्या खुणा आहेत ना? सरकारची निशाणी, जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार केलेला ठसा दाबून त्या उमटवतात. म्हणजे माणसाशी तिची ओळख काय, तर डोक्यावर हेलिकॉप्टर, लोखंडी कठड्यांची अरुंद गल्ली आणि हा ठसा. १९७१च्या कायद्याने या घोड्यांना संरक्षण दिलं खरं, पण तो कायदा तिने वाचलेला नाही.

माझे वडील सांगलीकडचे, खिलारी खोंड शिकवायचे. नवा खोंड आणला की पहिले चार दिवस गव्हाणीच्या कडेवर नुसते बसून राहायचे. म्हणायचे, "आधी त्याला आपला कंटाळा येऊ दे." मला ते आठवलं उशिरा. माझ्या पहिल्या मस्टँगच्या वेळी अकराव्या दिवशीच मी प्रेमाच्या भरात सरळ गळ्याकडे हात नेला. तो दचकून वळला, मी फाटकावर आदळले. मनगट मोडलं ते माझ्या घाईने, त्यात त्याचा काही दोष नव्हता.

तेव्हा उद्यापासून खुर्ची घेऊन आत जा. फाटकाजवळच ठेवा, म्हणजे वेळ आली तर बाहेर पडता येईल. तिच्याकडे पाठ नको, पण टक लावूनही बघू नका. गवत तुमच्यापासून दहा-बारा फुटांवर टाका आणि पुस्तक वाचा. ती खाली मान घालून खायला लागली, ओठ चघळले, एक कान तुमच्याकडे वळवला, की तुम्ही उठून बाहेर जा. हो, नेमकं तेव्हाच! आपल्याला वाटतं आता कुठे जमतंय आणि आपण पुढे सरकतो. तिथेच घोडं अडतं. तुम्ही निघून जाणं हेच तिचं बक्षीस आहे. नंतर चालत जाताना खांद्याच्या दिशेने तिरकं जा, समोरून कधीच नाही. तिने वळून तुमच्याकडे पाहिलं की दोन पावलं मागे.

पहिला स्पर्श हाताने करू नका. माझ्याकडे आठ फुटी वेळूची काठी आहे, टोकाला जुना हातमोजा बांधलेला. आयाळ संपते तिथे त्याने खाजवायचं. कळपातले घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, त्यामुळे ती भाषा तिला येते. वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की समजा जमलं. मग रोज काठी वितभर आखूड धरत जा. आणि डावीकडून शिकवलेलं उजवीकडून पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं, हे विसरू नका.

तुमच्या यजमानांना सांगा, दोरी टाकून बांधलेली घोडी शांत उभी राहते ती हरल्यामुळे. पुढच्या वेळी ती दोरी बघूनच कुंपणावर जाईल. खुरांची काळजी मात्र तुमची बरोबर आहे. खडकाळ माळावर खूर आपोआप झिजतात, तुमच्या मऊ मातीत झिजणार नाहीत. म्हणून मोहरकी (तोंडावर बांधायची दोरी) घालणं आणि पाय उचलू देणं हे खोगिराच्या कितीतरी आधी. नालबंदाला बोलावताना मस्टँग आहे हे फोनवरच सांगा, सगळे येत नाहीत. दोन महिन्यांत पायाला हात लागला नाही, तर मस्टँग शिकवणारा माणूस पैसे देऊन बोलवा. त्यात कमीपणा नाही.

कुरणात सोडू नका. पाच एकरात ती तुम्हाला वर्षभर हुलकावणी देईल आणि तिला तारेचं कुंपण कळतही नाही. पहिलं वर्ष ती कागदोपत्री सरकारचीच असते, हेही आहे.

तुम्ही लिहिलं नाही, पण ती एकटीच आहे का? असेल तर शेजारच्या कुंपणात एखादा म्हातारा, गरीब घोडा किंवा गाढव आणा. त्याला तुम्ही खरारा करताना ती आडून बघत राहील. माझी सध्याची घोडी अशीच बघत बघत एकोणिसाव्या दिवशी माझ्या पुस्तकापाशी आली आणि चक्क पान चावून गेली.